वहींत नसलेलीं नांवें

जुनें घर आवरण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस हें वेगळें सांगावयास नको कीं, अशा घरांतील सर्वांत जड वस्तु म्हणजे कपाटें किंवा जातीं नव्हेत, कागद होत. डहाणूच्या बाजूस, आगगाडीच्या रुळांपासून फारशा दूर नसलेल्या एका गांवीं आमचें वडिलोपार्जित घर होतें. तें विकावयाचें ठरलें तेव्हां माळ्यावरची एक लांकडी पेटी आमच्या वांट्यास आली. भावंडांपैकीं दुसरें कोणी ती घ्यावयास तयार नव्हतें. 'लिहिणारा घरांत एकच, तेव्हां कागद त्याचे', असा निवाडा धाकट्या बहिणीनें हंसत हंसत देऊन टाकला. पेटींत चार वह्या निघाल्या. तीन वह्यांचा वाळवीनें आधींच फडशा पाडलेला होता. चौथी मात्र धड होती. लाल खारव्याची बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक, आणि आंत आमच्या आजोबांचें टपोरें मोडी अक्षर.

मोडी आम्हांस अडखळत येते. तरी तीन संध्याकाळ बसून आम्हीं ती वही लावली. एकेका पानावर एकेका वारली गड्याचें खातें होतें. वर त्याचें नांव, त्याखालीं पाड्याचें नांव, मग रकमा : 'लग्नाबद्दल रोख रुपये ८०', 'लुगडें एक', 'खावटीस भात मण दोन', आणि सर्वांच्या खालीं शाईचा अंगठा. नांवेंची बाजू गच्च भरलेली; जमेची बाजू मात्र पानामागून पान कोरी. ज्यांनीं वर्षानुवर्षें आमच्या खळ्यावर भात झोडलें, आमच्या माळावरचें गवत कापून भारे बांधले, आमच्या वाडीस पाणी शिंपलें, त्यांनीं आमचें कांहींएक फेडलें नव्हतें, अशी साक्ष ती वही निर्विकारपणें देत होती. कोणास कधीं पावती दिल्याची नोंद नव्हती. आणखी एक गोष्ट दुसऱ्या संध्याकाळीं आमच्या ध्यानांत आली. त्या सबंध वहींत एकाही बाईचें नांव नव्हतें.

ही उणीव आम्हांस जाणवली याचें कारण एवढेंच कीं, त्या घराच्या आमच्या ज्या आठवणी आहेत, त्यांतील पहिला आवाज एका वारली बाईच्या मुसळाचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली ही गोष्ट. उजाडण्यापूर्वीं ती येई. गोठ्यांतलें शेण काढी, विहिरीचें पाणी भरी, आणि मागच्या पडवींत उखळापाशीं उभी राहून भात कांडी. त्या कांडण्याच्या तालावर आम्ही जागे होत असूं. घरांत तिला सारे 'गड्याची बायको' म्हणत. आमची आजी हांक मारतांना नुसतें 'अगे' म्हणे. माणसाला याहून निराळें असें स्वतःचें नांव असावें लागतें, ही शंका त्या वयांत आम्हां मुलांस कधीं शिवली नाहीं. वैशाखांत ती पळसाच्या पानांच्या द्रोणांतून आम्हांस करवंदें आणी. दुपारीं जेवणाची वेळ झाली कीं ती मागच्या अंगणांत फणसाखालीं बसे, आणि आपल्याबरोबर आणलेला जर्मनचा एक लहान टोप पुढें करी. आमच्याकडचें वाढलेलें ती त्यांतच घेई, खाऊन झाल्यावर टोप स्वतः घांसी, आणि संध्याकाळीं आपल्याबरोबर परत नेई. आमच्या घरांत भांड्यांस तोटा नव्हता. तेव्हां ही बाई रोज तीन मैल आपला टोप कां वागविते, याचें आम्हांस मोठें नवल वाटे. एकदां आम्हीं विचारलेंही. ती हंसली आणि म्हणाली, 'माझा आहे तो.' त्यापुढें कांहीं बोलली नाहीं.

त्या टोपाचा उलगडा आम्हांस पुष्कळ वर्षांनीं झाला, आणि तो प्रथम एका पुस्तकानें केला. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आम्ही त्या सुमारास मुंबईस शिकत होतों. वाङ्मयाच्या गप्पा मारणारें आमचें एक मित्रमंडळ होतें. त्यांत तें हातोहात फिरत आमच्याकडे आलें. आम्हीं तें एका रात्रींत वाचून काढलें. पण वाङ्मय म्हणून तें आम्हांस वाचतांच आलें नाहीं. पानें उलटूं लागलों तसतशा आमच्या ओळखीच्या वाटा आणि पाडे समोर येऊं लागले, आणि त्यांच्यामागोमाग एक ओळखीचें घरही आलें. आमच्या कुळाचें नांव त्यांत कोठें नव्हतें. त्याची आवश्यकताही नव्हती. ओसरी तीच होती, खळें तेंच होतें, आणि ओसरीवर बसून हिशेब सांगणारा माणूस इतका ओळखीचा होता कीं, त्याच्या पानाचा वास आम्हांस आला. आम्हां भावंडांस मांडीवर घेऊन रामरक्षा शिकविणारा तोच माणूस. दुसऱ्या दिवशीं मित्रांनीं 'पुस्तक कसें वाटलें?' म्हणून विचारलें, तेव्हां 'भाषा साधी आहे' एवढेंच आम्ही म्हणालों. आजवर जीं भ्याड उत्तरें आम्हीं दिलीं असतील, त्यांत त्याचा क्रम वरचा लागेल.

'लग्नगडी' हा शब्द आम्हीं घरांत शेंकडों वेळां ऐकला होता. त्याचा अर्थ त्या रात्रीं कळला. वारल्यांच्या लग्नाइतकें देखणें लग्न आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात आणि त्यांत पालघट देवीची स्थापना होते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. पौरोहित्याचा हा अधिकार ज्या समाजानें बाईच्या हातीं ठेवला, तो समाज स्त्रीच्या मोलाविषयीं आपणांपासून धडे घेण्याच्या स्थितींत खास नव्हता. परंतु त्याच लग्नाला भात, ताडी, लुगडें यांसाठीं चार पैसे लागत, आणि ते जमीनदाराखेरीज दुसरा कोणी देणारा नसे. त्या रकमेच्या फेडीसाठीं नवरा धन्याच्या घरीं राबावयास राही, तो लग्नगडी. मुदत कोठें लिहिलेली नसे. हिशेब धन्याजवळ असे, त्यामुळें कर्ज फिटण्याचा दिवस उगवत नसे. आणि लग्न दोघांचें, म्हणून त्याची बायकोही आपोआप त्या घरच्या कामाला लागे. तिनें कर्ज काढलेलें नसे, अंगठा दिलेला नसे, यास्तव तिचें नांव वहींत येत नसे. राबत मात्र ती जन्मभर असे. आमच्या आजोबांच्या वहींतल्या त्या उणिवेचा अर्थ हा.

हें सारें कोणा चळवळ्यानें रचलें, असें आमच्या घरांत पुष्कळ वर्षें म्हटलें जाई. परंतु चळवळीच्या कित्येक वर्षें आधीं, १९३८ च्या सुमारास, मुंबई सरकारच्याच सिमिंग्टन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या मुलखाची पाहणी करून अहवाल लिहिला होता. वेठ, मारहाण आणि कुळांच्या बायकांवर होणारे अत्याचार, या तिन्ही गोष्टी त्यांत स्पष्ट नमूद आहेत. म्हणजे सरकारास ठाऊक होतें, जमीनदारांस ठाऊक होतें, आणि ज्यांच्यावर गुदरत होतें त्यांस तर होतेंच. उणीव माहितीची नव्हती. उणीव होती ती पाड्यावर जाऊन 'हें सोसूं नका' असें सांगणाऱ्या माणसाची.

तें माणूस पुण्याच्या एका वकिलाच्या घरांतून यावें, हीच मुळांत नवलाची गोष्ट. गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ सालचा. फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकून त्यांनीं पुढें कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रांत ती घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. सत्याग्रहांत भाग घेतल्यामुळें तुरुंगवास घडला, तो वडिलांस रुचला नाहीं, आणि बाईंनीं घर सोडून मुंबई गांठली. भारत सेवक समाजानें आजीव सभासद करून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. प्रौढांचे साक्षरतावर्ग त्यांनीं चालविले. दुसऱ्यांच्या घरीं भांडीं घांसणाऱ्या, पाणी भरणाऱ्या घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ सालीं शामराव परुळेकर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, दोघेंही कम्युनिस्ट पक्षांत गेलीं, आणि महायुद्धाच्या काळांत दोघांनींही तुरुंग पाहिला. त्यांच्या पक्षाच्या सगळ्याच मतांशीं आमचें जुळतें असें नाहीं. परंतु एखाद्याच्या दारांतला अन्याय दुसऱ्या कोणी दूर केला म्हणजे त्या दुसऱ्याच्या मतांची चिकित्सा करीत बसावें, हा मान त्या दारांतल्या माणसास तरी शोभत नाहीं.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्यांतून थोडे वारली तेथें आले होते. त्यांतील माह्या धांगडा यानें उभें राहून आपल्या लोकांची कहाणी सभेस ऐकविली. परुळेकर पति-पत्नी त्या तालुक्यांत गेलीं तीं त्यानंतर. बाई पाड्यापाड्यांतून पायीं हिंडल्या, झोंपड्यांतून राहिल्या, मिळेल तें खाल्लें. पुढें साऱ्या टापूंत त्यांचें नांव 'गोदूताई' असें रूढ झालें. २३ मे १९४५ रोजीं झरी या गांवीं सुमारें पांच हजार आदिवासी जमले आणि त्यांनीं ठराव केले. वेठ करावयाची नाहीं. बारा आणे रोज रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतांत राबावयाचें नाहीं. अंगावर हात टाकला तर सोसावयाचें नाहीं. सर्वांनीं एक राहावयाचें. आज हे शब्द वाचतांना त्यांत कोणास कांहीं भयंकर दिसणार नाहीं. आमच्या ओसरीवर मात्र ते ऐकून तीन रात्री कोणी झोंपलें नाहीं, असें आमची आत्या सांगे.

या आत्यापासूनच आम्हांस पुढची हकीकत कळली. ती त्या वेळीं बारा वर्षांची होती. झरीच्या सभेनंतर पाड्यांवरचे लोक घोळक्यांनीं निघून जमीनदारांच्या घरीं जात आणि तेथल्या लग्नगड्यांस सोडवून आणीत. मृग लागण्याच्या सुमारास एके सकाळीं शंभर-दीडशें माणसें आमच्याही खळ्यांत येऊन उभीं राहिलीं. पुढच्याच्या हातांत काठीला बांधलेलें लाल फडकें होतें. कोणी शिवी दिली नाहीं, कोणी दगड उचलला नाहीं. त्यांनीं आमच्या गड्यास हांक मारून म्हटलें, 'चल.' गडी गोठ्याच्या दारांत उभा होता. तो आजोबांच्या तोंडाकडे पाहूं लागला. त्याचें पाऊल उचलेना. तेवढ्यांत मागच्या पडवींतून त्याची बायको आली. तिनें पदर खोंचला, ओसरीकडे न पाहतां खळें ओलांडलें, आणि जमावांत जाऊन उभी राहिली. मग तो तिच्या मागोमाग गेला. 'मुसळ तिनें टाकलें नाहीं हो,' आत्या म्हणे, 'नीट भिंतीला टेकवून ठेवलें आणि मग गेली.' हा तपशील तिनें आम्हांस निदान दहा वेळां सांगितला असेल; आणि दर वेळीं सांगतांना तिचा आवाज किंचित् खालीं येई.

दोन पावसाळे लोटल्यावर ती बाई आमच्याकडे कामास परत आली. पोटाला कांहीं हवेंच होतें. परंतु आतां ती रोज ठरवून आली, दिवस मावळला कीं हातचें काम ठेवून जाऊं लागली, आणि येतांना टोप आणूं लागली. त्यापूर्वीं तिला पेज मिळे ती करवंटींतून. 'पूर्वींची राहिली नाहीं ती,' असें आजी अखेरपर्यंत म्हणत असे. आजीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

या लढ्याच्या कथेंत एक पान असें आहे कीं, त्यावरून आमची नजर अजून सरळ जात नाहीं. १९४५ च्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. पांचशें पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मिळावी, अशी मागणी घालून वारल्यांनीं काम बंद ठेवलें. तशांत १० ऑक्टोबरच्या सुमारास पाड्यांवर निरोप फिरले कीं, गोदूताईंच्या जिवास धोका आहे, तलवाड्यास त्यांची सभा आहे, सर्वांनीं काठ्या घेऊन त्यांच्या रक्षणास यावें. निरोप खोटा होता. तो जमीनदारांच्या बाजूनें पसरविला गेला होता. बाई तेथें नव्हत्याच. हजारों लोक मात्र आले, आणि बाईंस सोडून कसें जावें म्हणून तेथेंच थांबले. १० आणि ११ ऑक्टोबर या दोन दिवसांत पोलिसांनीं त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासह आणखी चार जण, असे पांच आदिवासी मारले गेले. जखमी पुष्कळ झाले. परुळेकर पति-पत्नींस जिल्ह्याबाहेर काढण्यांत आलें. तरी संप मोडला नाहीं, आणि मजुरीचा दर अखेर जमीनदारांस मानावा लागला.

तो निरोप ज्या घरांतून निघाला, त्यांत आमचें घर होतें काय? आम्हीं आत्यास हें एकदांच विचारलें. ती तेव्हां आजारी होती. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि मग म्हणाली, 'तुला आतां काय करायचें आहे रे?' याउपर तिला छेडण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. नकार देणें तिला सोपें होतें. तो तिनें दिला नाहीं, एवढेंच आम्हीं जाणतों. वही हातीं आल्यावर आम्हीं १९४५ च्या आश्विनाचें पान आधीं शोधलें. त्यांत गवताच्या भाऱ्यांचा हिशेब आहे. दुसरें कांहीं नाहीं.

गोदावरीबाईंचें पुस्तक त्यानंतर आम्हीं कित्येकदां वाचलें आहे. आतां तें वाङ्मय म्हणूनही वाचतां येतें. ज्या काळांत आमच्या मराठी गद्यास अलंकारांचा सोस सुटत नव्हता, त्या काळांत त्यांनीं वाक्यें अशीं लिहिलीं कीं, त्यांतून लेखिका बाजूस सरावी आणि बोलणारा वारली दिसावा. दया दाखविण्याचा मोह त्या पुस्तकांत कोठें नाहीं. शहरांतून गेलेल्या माणसानें खेड्यांतल्या दुःखावर लिहिलें म्हणजे त्यांत लिहिणाऱ्याचे अश्रूच फार असतात. येथें ते नाहींत. पुस्तकाच्या नांवांतला 'माणूस' हा शब्दही विचार करावयास लावणारा आहे. आमच्या घरीं गडी होता, त्याची बायको होती, कुळें होतीं. माणूस हा शब्द त्यांतील कोणाकरितां वापरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

एक शंका मात्र मनांत राहते, आणि ती बाईंचा मान ठेवूनच बोलून दाखवावीशी वाटते. या लढ्याचा इतिहास सांगतांना जीं आदिवासी नांवें पुढें येतात तीं बहुतेक पुरुषांचीं आहेत. मुसळ भिंतीला टेकवून सर्वांच्या आधीं चालूं लागलेल्या बाया किती असतील? आजोबांच्या वहींत त्यांचीं नांवें नव्हतीं तें समजण्यासारखें आहे. मुक्तीच्या वहींतही तीं फार थोडीं यावींत, हें अधिक बोचतें.

असो. काळ थांबला नाहीं. १९४८ सालीं मुंबईचा कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा तो जमिनीचा मालक ठरला, आणि आमच्या कुळाची बरीच जमीन गेली. आजोबांनीं तो दिवस सुतकासारखा पाळल्याचें आम्हांस आठवतें. १९६० सालीं उंबरगांव तालुक्याची वांटणी होऊन झरीसह तलासरीचा भाग महाराष्ट्रांत राहिला, आणि तोच भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. शामराव १९६५ सालीं स्थानबद्धतेंत असतांनाच वारले. बाई मात्र पुढेंही त्याच मुलखांत वावरत राहिल्या. १९८६ सालीं अखिल भारतीय किसान सभेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, आणि तें भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजीं त्यांचें निधन झालें. वेठबिगार नष्ट करणारा देशाचा कायदा १९७६ चा. म्हणजे झरीच्या सभेनंतर एकतीस वर्षांनीं दिल्लीस तें पटलें. वनहक्कांचा कायदा २००६ सालीं आला. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास तिजवर हक्क देतांना तो पति-पत्नी दोघांच्या नांवें संयुक्तपणें द्यावा, असें त्या कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. तरीही दावे वर्षानुवर्षें पडून राहिले, आणि ६ मार्च २०१८ रोजीं नाशिकहून हजारों शेतकरी व आदिवासी पायीं निघून सहा दिवसांनीं मुंबईस येऊन पोंचले. त्यांतील म्हाताऱ्या बायांच्या फुटलेल्या तळपायांचीं चित्रें वर्तमानपत्रांतून साऱ्यांनीं पाहिलीं. पाहून आम्हीं वर्तमानपत्र मिटलें, आणि वही उघडली.

ती घेऊन त्या पाड्यावर जाण्यास मात्र आम्हांस आणखी पांच वर्षें लागलीं. आमच्या गड्याची नात तेथें राहते, एवढी खबर मिळाली होती. नात पंचेचाळिशीच्या घरांतली, किरकोळ बांध्याची, चटपटीत बाई. मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांत तीही होती. तिनें ओट्यावर घोंगडी अंथरली, चहा केला, आणि आम्हीं कोण तें सांगितल्यावर क्षणभर नुसतें पाहिलें. 'म्हणजे शेठच्या घरचे,' ती म्हणाली. तिच्या स्वरांत राग नव्हता. आदर तर नव्हताच. आंतल्या भिंतीवर वनहक्काचें प्रमाणपत्र कांच लावून टांगलेलें होतें. त्यावर दोन नांवें होतीं. एक नवऱ्याचें, एक तिचें. तिनें तें आम्हांस दाखविलें नाहीं, आम्हींच पाहिलें.

आम्हीं वही उघडून तिच्या आजोबांचें पान काढलें, आणि मोडी वाचून दाखवूं लागलों. लग्नाबद्दल रोख रुपये ८०. ती ऐकत होती. लुगडें एक. भात मण दोन. अंगठ्यावर तिनें आपलें बोट टेकवलें आणि बराच वेळ काढलें नाहीं. मग विचारलें, 'आणि आजीचें?'

'आजीचें नांव यांत नाहीं,' आम्हीं म्हणालों. आणि मग, जें म्हणण्यासाठीं सत्तरी ओलांडावी लागली, तेंही म्हणालों : 'आम्हांस तें माहीतही नाहीं. आम्ही लहानपणीं रोज तिच्या हातचीं करवंदें खाल्लीं, पण नांव कधीं विचारलें नाहीं.'

ती हंसली. तिच्या आजीसारखीच, निदान आम्हांस तसा भास झाला. तिनें नांव सांगितलें. दोन अक्षरांचें साधें नांव. तिची इच्छा नव्हती म्हणून आम्ही तें येथें छापीत नाहीं. तिनें तें उच्चारलें तेव्हां ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या बायांनीं मान वर करून पाहिलें. पाड्यावर तें नांव अजून ओळखीचें होतें. ही बाई पुढें कित्येक वर्षें बायकांच्या बैठकी घेत असे, मजुरीचा तंटा पडला कीं पहिली तीच उठे, असें त्यांतल्या एकीनें सांगितलें. आमच्या मागच्या पडवींत भात कांडणाऱ्या बाईचें हें दुसरें आयुष्य, संध्याकाळनंतरचें, आम्हांस अशा रीतीनें साठ वर्षांनीं कळलें.

आम्हीं खिशांतून लेखणी काढली. 'या पानावर लिहूं का?' असें विचारलें. आमच्या मनांत काय होतें तें आतां सांगावयास लाज वाटते. आजोबांच्या अक्षराशेजारीं तें नांव आपल्या हातानें लिहिलें म्हणजे वहीचा हिशेब पुरा होईल, असें कांहींसें वाटत असावें.

'नको, बाबा,' ती म्हणाली. 'ह्या वहींत नको.'

आम्हीं लेखणी परत ठेवली. थोड्या वेळानें तीच म्हणाली, 'वही मात्र ठेवून जा. पोरांना दाखवायची आहे. त्यांना खरें वाटत नाहीं.'

वही तिच्या हातीं दिली. निघतांना तिनें आम्हांस थांबविलें. संघटनेच्या कामाची संवय असल्यामुळें असेल. आंत जाऊन वर्गणीचें पावतीपुस्तक आणलें, रकमेच्या जागीं रेघ ओढली, आणि त्याखालीं सावकाश, सुटें अक्षर काढीत लिहिलें : 'एक जुनी वही मिळाली.' खालीं तारीख घातली, पूर्ण नांवाची सही केली, पान फाडून आमच्या हातीं दिलें, आणि स्थळप्रत पुस्तकांत ठेवली.

ती पावती आम्हीं जपून ठेवली आहे. आमच्या घराचा वारल्यांशीं तीन पिढ्या व्यवहार होता. त्या व्यवहारांतली ही पहिली पावती.